भानसुलीची जनसुनावणी

सकाळच्या बैठकीत कुंदा खोब्रागडे धावतच आली. "मॅडम, वाघिणीच्या मृत्यूचा मूळ अहवाल! वर्षभर मागत होते, आज खुला झाला. मी सुनावणीला नाही जात."

"खरा आहे?" 'दैनिक वर्धातीर'च्या संपादक मृणालिनी ताजणे यांनी विचारलं.

"शंभर टक्के."

'माहितीओघ' खोटं कधीच देत नसे. सरकारची ही यंत्रणा प्रत्येक पत्रकाराचं लिखाण वाचून त्याला कशाचा मोह पडतो ते शिकली होती, आणि मोक्याच्या दिवशी नेमकं तेच त्याच्या फोनवर सोडत होती. तिच्या अचूकपणाचं ताजणेबाईंनाही कौतुक वाटे. पण शेजारच्या गावी औष्णिक वीज केंद्राच्या राख-तलावाची सुनावणी झाली, तेव्हा एकही पत्रकार हजर नव्हता. गावाची हरकत इतिवृत्तात उतरलीच नाही. आता तिथल्या विहिरींना राखाडी पाणी येतं. आज भानसुलीची पाळी होती.

ताजणेबाईंनी क्रीडा प्रतिनिधी उद्धव मोहितकरकडे पाहिलं. "तुम्ही दोघं फोन बदला."

"काय जी मॅडम! वाघीण घेऊन मी काय करू? मी मांजरीले भेतो."

"म्हणूनच."

भानसुलीच्या शाळेत उद्धवचा फोन कुंदाच्या हातात सारखा थरथरत होता. संघनिवडीतला वाद, कर्णधाराच्या दुखापतीचा गोपनीय अहवाल. तिने काहीच उघडलं नाही. तिला कर्णधाराचं नावही ठाऊक नव्हतं.

"कोणाचीही हरकत नाही, असं..." अधिकारी वाचू लागला.

सुमनबाई झाडे उठल्या. "आहे न! आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला राख टाकता, अन् हरकत नाही म्हणता?"

अधिकाऱ्याची नजर कुंदाकडे वळली. ती लिहीत होती. त्याने हरकत नोंदवली, मोठ्याने वाचून दाखवली आणि खाली सही केली.

बाहेर आल्यावर सुमनबाईंनी फोनवर डोकावून पाहिलं. "क्रिकेटवाल्या का जी तुम्ही, ताई?"

कुंदाने खरं काय ते सांगितलं. बाई खळखळून हसल्या. "भारी डोकं आहे तुमच्या मॅडमचं!" मग त्या शाळेतल्या रिकाम्या सतरंज्यांकडे बघत राहिल्या.

"माझा पोरगा निघालाच होता यायले. तेवढ्यात त्याच्या फोनवर नोकरभरतीची यादी आली. गावातली सारी पोरं तिकडंच पळाली. यादी खरीच आहे, त्यात त्याचं नाव बी असन. तुम्ही आपसात फोन बदलले, ताई. त्यानं कोणासंगं बदलावा?"