तळ्याचं बूड कोणी फोडलं?

“गुरुलिंग, काठी आणखी खोल रोव! हलली तर सगळंच मुसळ केरात!” जगदेवी काठावरून ओरडली.

गुरुलिंग गुडघाभर पाण्यातून बहिणीला वाकुल्या दाखवत होता. दोघं सुट्टीसाठी सोलापूरहून मैंदर्गीजवळ मामाच्या वाडीला आली होती. वाडीला लागूनच एक लहानसं तळं. त्यातल्या लव्हाळ्यात टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याचं तरंगतं घरटं होतं, आत चार अंडी! पण पाणी रोज चार-चार बोटं खाली जात होतं. घरटं चिखलाला टेकलं, की मुंगूस चालत येऊन अंडी फस्त करणार. या काळजीनं जगदेवीला घास गोड लागेना.

“उन्हानं आटतंय गं,” सिद्धप्पामामानं झटकून टाकलं होतं. “मे महिना हाय की!”

म्हणून तर ही काठी! सूर्य मावळताच जगदेवीनं पाण्याच्या रेषेशी सुतळी बांधली. सकाळी ऊन वर यायच्या आत ती, गुरुलिंग आणि मामाची मुलगी निंगव्वा धावत आली. पाणी सुतळीच्या दोन बोटं खाली!

“रात्री कुठलं आलं ऊन?” जगदेवी म्हणाली.

“आन् त्ये बगळं कशाला जमल्यात तितं?” निंगव्वानं बोट दाखवलं.

बांधापलीकडचा ओढा कोरडा ठणठणीत, पण एका जागी ढोकरी बगळे दाटीवाटीनं उभे! तिघं धावली. तिथं घोटाभर चिखल होता. त्याच्या नेमकं समोर, बांधाअलीकडे, तळ्याच्या कडेला एक नवा खड्डा पाण्यानं भरलेला. पाणी कुठं जातंय ते बघायला गुरुलिंगनं गोठ्यातून मूठभर कोंडा आणून त्यात टाकला. कोंडा हळूहळू सरकत एकाच कोपऱ्यात गोळा झाला. जगदेवीनं तिथं पाय घातला तर गाळ नव्हताच, टोचरा मुरूम लागला!

निंगव्वाचं तोंड एवढंसं झालं. “ह्यो खड्डा आमच्या अप्पानं खांदलाय. धाब्याच्या मातीसाठी.”

वाडीतली घरं धाब्याची. दर उन्हाळ्यात त्या सपाट छपरांवर चिकट पांढरी माती पसरायची, म्हणजे पावसात घर गळत नाही. सगळे लांबच्या टेकाडावरून माती आणत. मामानं मात्र गाडीची खेप वाचवली होती!

मामा धाब्यावर माती चोपत होता. जगदेवीनं खालूनच विचारलं, “मामा, ही माती कशाला हो?”

“पानी खाली जाऊ नये म्हणून की! येवढंबी ठाव न्हाय?”

“मग तळ्याखालची काढली तर?”

मामानं कपाळावर हात मारला. “आरं द्येवा! तळ्याचं बूडच फोडलं की मी!”

मग काय, धांदलच उडाली! मामानं धाब्यावरची माती खरवडून गाडीत भरली आणि खड्ड्यात ओतली. निंगव्वानं चार म्हशी आत घातल्या. “तुडवा गं बायांनो!” म्हणत पोरंही नाचली. नखशिखान्त चिखल, आणि हसून हसून पोटं दुखली!

संध्याकाळी जगदेवीनं सुतळी पाण्याच्या नव्या रेषेशी बांधली; दुसऱ्या सकाळी पाणी तिच्यावरून हललं नव्हतं. पाच दिवसांनी टिबुकली लव्हाळ्यातून बाहेर आली, तर पाठीवर चार पट्टेरी डोकी! जगदेवीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“वाडीतल्या शहाण्यांना जे दिसलं न्हाय, ते ह्या पोरांनी दावलं,” मामा पारावर सर्वांदेखत म्हणाला.

“पण अप्पा, आपलं घर गळंल की!” निंगव्वा म्हणाली.

“पाऊस तोंडावर आलाय, टेकाडाच्या खेपा आता हुयाच्या न्हाईत. गळू दे यंदा. घरात पातेलं ठिवता येतं. तळ्याखाली कुटलं पातेलं ठिवू?”