कापलेला कोपरा

"माझ्या गाडीत तुम्ही... नक्की कुठे चाललाय?"

मागून आवाज आला तेव्हा मी कमरेपर्यंत त्याच्या डिकीत होते. डोकं स्टेपनीच्या खळग्यात, दातांत पेन्सिल आणि पाय माझ्या लाडक्या स्टुलावर. गॅरेजातल्या लिफ्टच्या खांबाला अडायचं म्हणून मामांनी करवतीनं जरा छाटलेलं, पण त्याच्याशिवाय माझा हात डिकीच्या तळाला पोचत नाही. दचकून उठले ती थेट झाकणावर आपटले.

"मापं घेतेय," कपाळ चोळत मी म्हणाले. "मागे हवेचंच काम आहे ना?"

"हो, हवेचंच. मागच्या चाकात कमी वाटली, म्हणून भरायला आलो होतो."

आमच्या गॅरेजात 'मागे हवा' म्हटलं की एकच अर्थ – एअर सस्पेन्शन! मामांनी नेहमीसारखं अर्धवट ऐकून मला पिटाळलं होतं. आणि मी या भल्या माणसाचं कार्पेट उखडून, स्टेपनी बाहेर काढून, पत्र्यावर खडूनं चौकोनसुद्धा आखून बसले होते.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं चष्मा वर सरकवला आणि चौकोनांकडे वाकून पाहिलं.

"हा लांबट कोणाचा?"

"हवेच्या टाकीचा. ते दोन कॉम्प्रेसरचे. स्प्रिंगांच्या जागी रबरी फुगे बसतात, त्यांना हवा इथून जाते. बटण दाबलं की गाडी वर, दाबलं की खाली. खड्डा आला तरी आत कळत नाही."

"मग भिंगं फुटणार नाहीत?"

तो डोळे तपासायचा. भिंगांच्या पेट्या गाडीत घालून गावोगाव फिरायचा, आणि दर फेरीत एखादं भिंग तरी तडकायचंच. चाकात हवा भरायला आलेला माणूस अख्ख्या सस्पेन्शनचं काम देऊन गेला. मामा मिशीत हसले, "बघ लवंगी, मी बरोबरच ऐकलं होतं!"

फुगे बसवणं मामांचं, डिकीची आखणी माझी. कॉम्प्रेसर तापतात, त्यांच्याभोवती वारा खेळायला हवा. टाकीतलं पाणी सोडायची तोटी हाताशी हवी. स्टेपनी अडता कामा नये. यातलं सगळं फोनवर ठरलं असतं, पण तो प्रत्येक वेळी स्वतः यायचा.

"टाकी आडवी बरी की उभी?"

"आडवी. कालच सांगितलं होतं मी."

"हो का? परत सांगा ना... नीट ऐकलं नव्हतं."

"आणि एक डोळा झाकून काय बघताय माझ्याकडे?"

"दोन्हींनी बघितलं की जरा जास्तच दिसतं."

मी खडूचं बोट त्याच्या चष्म्याच्या काचेवर टेकवलं आणि पळाले. चक्क पळाले! गिऱ्हाइकाशी असं वागतात का कुणी?

एके दुपारी त्यानं माझ्या हातातला खडू घेतला आणि उरलेल्या जागेत आणखी एक चौकोन काढला, एक कोपरा तिरका कापलेला.

"एवढी जागा मोकळी सोडा."

"काय ठेवणार?"

"ते गुपित आहे. पण ती गाडीत असली की हे लागणारच."

ती?

"ती... म्हणजे?" मी विचारलं.

"आहे एक. अजून विचारायचा धीर झालेला नाही," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल होऊन निघून गेला.

मला धक्का बसला. आणि आपल्याला एवढा धक्का का बसावा, याचा दुसरा धक्का बसला. 'ती' असणारच की त्याला! कोपरा कापलेलं असं काय असतं तिच्याकडे? गिटार? शिलाई मशीन? डोळे सारखे भरून येत होते आणि मी डिकीत बसवायच्या फळीसाठी त्या चौकोनांचा पुठ्ठ्याचा फर्मा कापत होते. त्याच तंद्रीत फेल्ट चिकटवलेल्या प्लायवर तो ठेवला आणि जिगसॉ करवत फिरवली.

दुसऱ्या दिवशी तो आला. मी स्टुलावर चढून फळी डिकीत बसवली आणि बघते तर काय! टाकीची खाच उजवीकडे हवी, ती डावीकडे. कॉम्प्रेसरची उजवीकडे. तो मेला तिरका कोपराही भलत्याच बाजूला. फर्म्यावर 'वर' लिहायला मी विसरले होते! शिकाऊ पोरं करतात ती चूक. फर्मा पालथा पडला होता, आणि फेल्ट एकाच बाजूला असल्यामुळे फळी उलटवायचीही सोय नव्हती.

"नवी कापून देते," मी कसंबसं म्हणाले. "तुमच्या... तिची जागा पण उलटी झाली."

त्यानं फळीकडे पाहिलं. "आरशातली झालीय. आम्हाला सवय असते, आमचा अक्षरांचा तक्ताही आरशात वाचायचा असतो." मग माझ्याकडे वळला. "जरा खाली उतरता?"

मी उतरले. त्यानं माझं स्टूल उचललं, पालथं केलं, चारही पाय आभाळाकडे... आणि त्या मोकळ्या जागेत ठेवलं.

टक्.

केसभरही फट राहिली नाही. रोज ज्यावर उभी राहत होते, त्याचा छाटलेला कोपरा मला एकदाही आठवला नव्हता.

"हे... माझं स्टूल आहे."

"हो."

"पण मग ती..."

"तीच. सुलटं बसायला हवं होतं, उलटं बसलं. चालेल मला."

"गाडी बटणावर खाली बसणार," मी पुटपुटले. रडू आणि हसू एकदमच आलं होतं. "मग स्टूल कशाला लागेल?"

"गाडी खाली बसेल गं. बाकीचं जग कुठे बसणार आहे तुझ्यासाठी?"

गं म्हणाला! तुझ्यासाठी म्हणाला!

"नुसती हवा भरायला आला होतास तू," मीही तुम्ही सोडलं.

"तेव्हा हवा हवी होती," तो अगदी हळू म्हणाला. "आता तू हवीस. येशील?"

स्टूल डिकीत घट्ट बसलेलं, त्यामुळे त्याच्या चष्म्यापर्यंत पोचायला मला टाचा उंचवाव्या लागल्या. तरी पोचेना, तेव्हा तोच वाकला.

"लवंगी!" आतून मामा ओरडले. "नवी फळी कापू का गं?"

"नको मामा," मी ओरडले. "उलटीच राहू दे!"