ओल्या रस्त्यावरची उबदार रेघ

नकाशावर लाल रेघ उमटली आणि घोरपडे खूश झाले.

"ताई, रस्ता तापायला लागला बघा! संक्रांतीचा सूर्य इथंही पावला म्हणायचा."

सेंट ऑरेल शहराच्या हिमनियंत्रण कक्षातली ही सकाळ. बाहेर तापमान उणे नऊ. भिंतीवरच्या पडद्यावर उष्मादर्शक कॅमेऱ्यांतून शहराचे सगळे रस्ते दिसत होते, थंड ते निळे आणि उबदार ते लाल. बळवंत घोरपडे मूळचे कोरेगावचे, इथल्या फाळगाड्यांचे प्रमुख. फाळगाडी म्हणजे पुढे भलामोठा लोखंडी फाळ लावलेला, रस्त्यावरचा बर्फ खरवडत जाणारा ट्रक. यंदा मात्र फाळगाड्या डेपोत उभ्या होत्या आणि घोरपडे चहावर चहा पीत होते. याला कारण पलीकडे पाठ करून नोंदी तपासत बसलेल्या डॉ. केतकी उपासनी.

या शहरात आता हिम कमी पडायचं आणि पाऊस जास्त. हाडं गोठवणाऱ्या थंडीत पडणारा तो पाऊस रस्त्याला टेकला की काच व्हायचा. मीठ टाकावं तर तळ्यातले मासे मरत, म्हणून मिठावर बंदी. गेल्या जानेवारीत असल्याच काचेमुळे केतकीच्या आईचं, मालतीबाईंचं, डायलिसिस लागोपाठ दोनदा चुकलं. त्यांच्या फुप्फुसांत पाणी भरलं. त्या वाचल्या, पण थोडक्यात. मग केतकीनं वर्षभर प्रयोगशाळेतच मुक्काम ठोकला आणि 'बीजरोध' तयार केला. तो रस्त्यांवर फवारला, की पाऊस गोठायचाच नाही. गटारातून मुकाट वाहून जायचा.

"परवा महापौरबाईंनी मला विचारलं, उणे नऊला पाणी पाणीच कसं राहतं? मी आपली नंदीबैलासारखी मान हलवली," घोरपडे म्हणाले. "एकदा सोपं करून सांगा की."

"पाण्याला गोठायला नुसती थंडी पुरत नाही," केतकी पाठमोरीच म्हणाली. "त्याच्या कणांना ओळीनं बसायला पाट लागतो. रस्त्यावरचा धुळीचा कण म्हणजे तो पाट. पहिली पंगत तिथं बसते, मग बाकीचे तिला लागून बसत जातात. बीजरोध धुळीच्या कणाकणाला वेढून टाकतो. पाट नाही, तर पंगत नाही."

"आणि एखादं हिमाचं फूल पडलं तर? ते तर आयतं बसलेलंच!"

"एवढ्याशा स्फटिकालाही तो वेढतो, वाढू देत नाही. पण ढीगभर बारीक धूळ एकाच जागी पडली, तर तिथला बीजरोध संपेल. म्हणून तर गावातली एकूण एक धूळ तपासली. वाळू, टायरचा चुरा, काजळी, परागकण. सगळ्यांना पुरून उरतो."

"समजा, नाही पुरला. मग?"

"मग कठीण आहे. रस्त्यावरचं पाणी सगळं एकमेकांना लागून असतं. एकदा सुरुवात झाली की गोठणं पुढं पुढं सरकत जाईल. मुंगीच्या चालीनं, पण थांबायचं नाही. आणि गोठताना पाणी ऊब सोडतं, त्यामुळे..."

ती बोलायची थांबली. खुर्ची गर्रकन फिरवून तिनं पडद्याकडे पाहिलं. आभाळ गच्च भरलेलं होतं, सूर्याचा पत्ता नव्हता, आणि लाल रेघेचं टोक हळूहळू पुढं सरकत होतं.

"घोरपडेसाहेब, रस्ता तापत नाहीये. गोठतोय."

घोरपड्यांनी कप खाली ठेवला. रेघ टेकडीवरून उतरत जुन्या पुलाकडे निघाली होती. पुलापलीकडे रुग्णालय. मालतीबाईंना न्यायला येणारी गाडी याच रस्त्यानं जाणार होती.

"आज आईच्या डायलिसिसचा दिवस आहे," केतकी म्हणाली. "आज चुकवून चालणार नाही हो."

"चुकणार नाही. उपाय सांगा."

"पाणी तुटलं की गोठणं तुटलं. पुलाच्या अलीकडे आडवा कोरडा पट्टा हवा."

"म्हणजे वणव्यापुढचं गवत कापतात तसं. अहो, हे आमचंच काम!" घोरपड्यांनी डेपोला फोन लावला. दोन फाळगाड्या पुलाकडे निघाल्या. तिसरीत वाळू भरून ते स्वतः टेकडीकडे निघाले. "आईंना मी आणतो. तुम्ही हे कुठून सुरू झालं ते शोधा."

शोधायला फार वेळ लागला नाही. केतकी रेघेवरून उलटी मागं गेली. सगळे फाटे एकाच गल्लीत मिळत होते आणि गल्लीतली रेघ एका दारापाशी संपत होती. तिच्याच दारापाशी.

तिनं घरी फोन लावला. "आई, सकाळी दाराबाहेर काही टाकलंस का?"

"टाकायला काय झालंय? रांगोळी काढली. सण आहे ना आज! या गावात आल्यापासून दारात नुसता बर्फ, कुठं काढणार? यंदा तुझ्या औषधानं फरशी नुसती ओली. म्हटलं, चला. फोटो पाठवलाय, तुला मेलीला बघायला सवड नाही."

केतकीनं फोटो उघडला. ओल्या फरशीवर ठिपक्यांची ठसठशीत रांगोळी, अकोल्याहून आणलेली, दगड दळून केलेली, मऊसूत. आणि तिच्या कडेनं पांढऱ्या पिसांसारखी नक्षी बाहेर पसरत निघालेली.

"ती वेलबुट्टी मी नाही हं काढली," मालतीबाई कौतुकानं म्हणाल्या. "आपोआप वाढत गेली. मला वाटलं, तुझ्याच औषधाची गंमत."

पुलापाशी फाळांनी पाणी बाजूला सारलं, मागच्या ब्रशांनी रस्ता पुसून काढला. लाल रेघ त्या पट्ट्यापर्यंत आली आणि तिथंच विझली. थोड्या वेळानं वाळू पसरत घोरपड्यांची फाळगाडी पूल ओलांडून गेली. शेजारच्या सीटवर साडीवर दोन स्वेटर घातलेल्या मालतीबाई तिळगुळाचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

केतकी रुग्णालयात पोचली तेव्हा यंत्र सुरू झालं होतं. पलीकडच्या खाटेवर टपाल वाटणारी बाई हाताला प्लास्टर घालून घेत होती. त्यांच्याच गल्लीत घसरली होती. घोरपड्यांनी केतकीला दारातच गाठलं.

"अहवालात 'अज्ञात धूळ' लिहा," ते हळूच म्हणाले. "आईंना कशाला उगाच? जीव तुटेल त्यांचा."

केतकीनं नकारार्थी मान हलवली आणि ती आत गेली.

"त्या बिचारीचा हात कशानं मोडला गं?" मालतीबाईंनी विचारलं. "रस्ता तर गोठत नाही म्हणालीस."

केतकीनं आईचा हात हातात घेतला. खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. पण तिनं पाट, पंगत, सगळं सांगितलं, आणि शेवटी रांगोळीही. ऐकताना मालतीबाईंचा चेहरा उतरत गेला. त्यांनी टपालवाल्या बाईकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पदरानं टिपलं.

"तुला माझ्यासाठीच करायचं होतं ना ते औषध?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मग सगळ्या गावाची धूळ तपासलीस, आणि माझ्या उंबऱ्यावरची राहिली?"

दारात उभे असलेले घोरपडे खिडकीबाहेर बघू लागले.

"देव्हाऱ्याखाली रांगोळीचा डबा आहे," मालतीबाई म्हणाल्या. "घेऊन जा तुझ्या प्रयोगशाळेत. आणि त्या बाईला आधी तिळगूळ दे, मी माफी मागितली म्हणून सांग. रांगोळीचा डबा मात्र परत आण हं. रथसप्तमीला लागेल."