कोयत्यावरचं कुंकू

मैना थेटे मुद्देमालाच्या खोलीत टेबलावर डोकं टेकून झोपली होती, तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला. त्याला बिचाऱ्याला वाटलं, हीसुद्धा जप्त केलेलीच असणार, फक्त लेबल कुठं दिसत नाही.

साल एकोणऐंशी, आणि नाशकातलं एक कोर्ट. खटला संपेपर्यंत पोलिसांनी पकडलेली वस्तू जिथं पडून राहते ती ही खोली. चाकू, कोयते, सायकली, बैलगाडीचं एक चाक, आणि हातभट्टीचे इतके डबे की नुसत्या वासानं उंदीर भिंत धरून चालायचे. या सगळ्याची राखण एकट्या मैनेकडं. सहा वर्षं झाली होती. घरी आई आणि दोन शिकणारे भाऊ, इकडं हे गंजकं गणगोत. दोन्हीकडून कुणी कधी तिला विचारलं नव्हतं...

"दमलात का?" दारातल्या माणसानं विचारलं.

मैनेनं मान वर केली. "कोण आपण?"

"वाल्मीक कापडणीस. पुण्याहून आलोय, ठसेतज्ज्ञ. हरसूलच्या केसमधला कोयता तपासायचाय." मग जरा थांबून तो म्हणाला, "तुमच्या गालावर रजिस्टरमधला एकशे बारा उमटलाय. उलटा."

"मग उलटा वाचा. आणि पावतीवर सही केल्याशिवाय कोयता मिळणार नाही."

"आधी सही, मग कोयता?"

"या खोलीतून टाचणीसुद्धा पावतीशिवाय बाहेर जात नाही."

या वाल्मीकबद्दल लोक काय काय सांगायचे. म्हणे पेल्यावरचा ठसा बघून तो सांगतो, की चहा पिणारा बायकोशी भांडून आला होता. म्हणे एकदा पोळीवरच्या ठशावरून त्यानं स्वतःची मावशी ओळखली. खरं किती, खोटं किती कोण जाणे. पण मूळचा सटाण्याचा हा लांब बोटांचा माणूस ब्रशनं कोयत्यावर राखाडी पूड फिरवायला लागला, तेव्हा मैनेला वाटलं, एवढ्या हलक्या हातानं तर कुणी लहान लेकराच्या तोंडावरची माशीही उडवत नाही.

केस अशी होती. हरसूलच्या बाजारात एका दुकानदारावर कुणीतरी कोयत्यानं वार केला. दुकानदार वाचला, पण वार करणाऱ्याचं तोंड बांधलेलं होतं, ओळखता आलं नाही. पोलिसांनी सहादू नावाच्या मजुराला धरलं, कारण आदल्या दिवशी त्याचं दुकानदाराशी वाजलं होतं. कोयत्यावरचे ठसे तेव्हा कुणी घेतलेच नाहीत. आता वर्षभरानं सहादूच्या वकिलानं अर्ज केला, म्हणून वाल्मीक आला.

पात्यावर एकच ठसा सापडला. अंगठ्याचा. सहादूचा नव्हे.

"हे बघा," वाल्मीकनं भिंग तिच्यापुढं धरलं. "मधून आडवी वाट गेलीय. विळीनं कापल्याचा व्रण."

मैनेनं बघितलं, आणि उजवा अंगठा हळूच पदरात घेतला.

तिला सगळं आठवलं. गेल्या वर्षीची खंडेनवमी. कोर्टाचा म्हातारा शिपाई भिकामामा म्हणाला होता, "पोरी, घरोघरी हत्यारं पुजतात अन् आपल्याकडं तर गावभरची हत्यारं. उपाशी ठेवलं तर उलटतील." दरवर्षी तो दारावरच फूल ठेवायचा. पण त्या साली उंदरांनी कोयत्याच्या पुडक्याचं फडकं कुरतडलं होतं, लाखेची मोहोर खाली पडली होती, आणि पातं उघडंच होतं. जजसाहेबांना सांगून पंचांसमोर ते परत बांधायचं, हा नियम. मैना इतकी दमलेली होती की पंच गोळा करायचं त्राण नव्हतं. तिनं पात्याला खोबरेल लावलं, अंगठ्यानं कुंकू टेकवलं, आणि स्वतःच नवं फडकं बांधून टाकलं. कुंकू झडलं. तेलातला अंगठा राहिला.

सरकारी वकिलांनी लगेच डोकं चालवलं. ठसा दुसऱ्याचा, म्हणजे सहादूला साथीदार होता. तो सापडेपर्यंत सहादूला जामीन नको. पडली तारीख.

मग तारखाच तारखा. एकदा साहेब रजेवर, एकदा वकिलांच्या घरी लग्न, एकदा सहादूला आणायला गाडीच नाही. दर वेळी वाल्मीक एसटीनं पुण्याहून हाडं खिळखिळी करून यायचा आणि साक्ष न देताच परत जायचा. बाकडं मैनेच्याच खोलीत होतं, म्हणून तिथंच टेकायचा.

"आज काय झालं?" ती कप त्याच्यापुढं सरकवायची.

"टायपिस्ट आजारी."

"मग तुमचा एक हेलपाटा वाया."

"वाया कसा? चहा मिळाला ना." तो कपाच्या कडेकडं बघायचा. "तुम्ही कप डाव्या हातानं देता. पहिल्या दिवशी उजव्यानं पावती दिली होती."

"लक्ष फार बारीक आहे तुमचं."

"पगार त्याचाच मिळतो..."

खिडकीबाहेर बारीक पाऊस भुरभुरायचा. दोघंही इतकी दमलेली असत की न बोलताच अर्धा तास जाई. सहा वर्षांत तेवढा अर्धा तासच मैनेला विसाव्याचा वाटायचा — आणि त्याच अर्ध्या तासात तिचा अंगठा पदरात घामेजायचा.

चौथ्या तारखेला तो कप खाली ठेवून म्हणाला, "कोयत्यावरच्या ठशात एक लाल कण होता. सगळ्यांना वाटलं रक्त."

"मग?"

"रक्त काळं पडतं, मैनाबाई. कुंकू नाही पडत." त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. "मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. अजून कुणी विचारलेलं नाही... पण मी सांगितलं तर वेगळं आणि ज्याचं त्यानं सांगितलं तर वेगळं. पुढच्या तारखेपर्यंत थांबतो. त्यापुढं नाही."

"नोकरी गेली तर घर कोण चालवणार?"

"ते मला माहीत नाही. खरं शे ते शे." दमला की त्याच्या तोंडून 'आहे'चं असं गावाकडचं 'शे' निसटायचं.

मैना उठून बाहेर आली. पायरीवर सहादूची बायको फुलाबाई फडक्यातली भाकरी सोडत होती. प्रत्येक तारखेला हरसूलहून यायची, तीच पायरी धरायची.

"बाई, जरा इचारू?" फुलाबाई म्हणाली. "त्यो दुसरा कोन, त्याला शोधत्यात म्हनं. पन दुसरा नायच, तर घावल कुठून?"

फुलाबाईनं अर्धी भाकरी पुढं केली. "खा. लय वाळलीस."

मैनेनं भाकरी घेतली, आणि ती तशीच हातात धरून आत गेली.

पाचव्या तारखेला साहेब जागेवर होते, वकील होते, सहादू होता, टायपिस्टसुद्धा होता. वाल्मीक साक्षीला उभा राहणार, तोच मैना पुढं झाली.

"साहेब, तो दुसरा माणूस नाही. तो ठसा माझा आहे."

मग तिनं उंदरांपासून खोबरेलापर्यंत सगळं सांगितलं. मागून भिकामामा म्हणाला, "पूजा मी करायला लावली, साहेब," आणि कुणी विचारायच्या आत खुर्चीवर बसून घेतलं.

साहेबांनी चष्मा काढला. "कापडणीस, यांचा ठसा इथंच घ्या. आत्ता."

काचेवर शाई पसरली. वाल्मीकनं तिचा अंगठा हातात घेतला. "सैल सोडा. मी फिरवतो."

"सैलच आहे."

"नाहीये."

त्यानं अंगठा कागदावर फिरवला, आणि ठसा फरफटला. त्याच्या हातून म्हणे दहा हजार बोटं गेली होती, त्यात एका खुन्याचीही. एकही ठसा कधी बिघडला नव्हता.

"परत," साहेब म्हणाले.

परत फरफटला.

"कापडणीस, यांचा हात कापतोय की तुमचा?"

"माझा, साहेब."

कोर्टात कुणी हसलं नाही, पण भिकामामाला खोकल्याची मोठी उबळ आली. तिसऱ्या वेळी ठसा नीट उमटला. आडवी वाट जिथल्या तिथं. जुळला.

साथीदार गेला, आणि मोहोर तुटलेल्या कोयत्याला पुरावा कोण म्हणणार. सहादूला त्याच दिवशी जामीन मिळाला, पुढं दोन महिन्यांत तो निर्दोष सुटला. फुलाबाई जामिनाच्या दिवशी पायरीवरून उठली ती मागं न बघता त्याच्या मागं चालत गेली. मैनेची नोकरी वाचली, पण सक्त ताकीद मिळाली आणि मुद्देमालाची किल्ली संध्याकाळी जमा करायचा हुकूम झाला. उद्यापासून नकला करायच्या विभागात.

त्याच संध्याकाळी शेवटचं कुलूप लावायला ती आली, तर वाल्मीक बाकड्यावर बसलेला.

"एसटी चुकेल तुमची."

"चुकू दे. दमलोय." त्यानं खिशातून फरफटलेल्या ठशांचे दोन कागद काढले. "हे फाडायचे असतात. फाडवले नाहीत."

"म्हणजे कोर्टातून माल नेताय."

"हो."

मैनेनं किल्ली टेबलावर ठेवली, रजिस्टर उघडलं, आणि या वेळी उजव्या हातानं पेन पुढं केलं. "या खोलीतून टाचणीसुद्धा..."

"माहितीय." तो लिहायला वाकला. बराच वेळ लिहीत होता. मैनेनं रजिस्टर आपल्याकडं फिरवलं. त्यात होतं: 'मिळाला, अंगठा एक. माल परत करण्याची माझी इच्छा नाही. मालकिणीची हरकत असल्यास खाली लिहावी.'

मैनेनं ते दोनदा वाचलं. मग शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला, आणि हरकतीच्या रकान्यात काही न लिहिता सहीच्या जागी तो सावकाश उमटवला. जराही न फरफटता.