एका गाडीचे दोन स्वार

सुज्ञ वाचकहो! आज मी आपणांपुढे जी हकीकत मांडीत आहे, तीत खून नाही, पुरलेला खजिना नाही, की तोंड बांधलेला दरोडेखोरही नाही. तीत आहे केवळ मोटारसायकलीचा एक झिजलेला टायर. परंतु त्या टायरापायी एक तरुण रुग्णालयात बेशुद्ध पडला होता आणि एका सचोटीच्या माणसाची अब्रू वेशीवर टांगली गेली होती. उलगड्यास लागणारी प्रत्येक खूण मी आपल्या वाटेवर उघडी ठेवीन, एकही खिशात लपविणार नाही, असे वचन देऊन आरंभ करतो.

नागावच्या माडांच्या बागेत हिरामण नाईक याचे पर्यटकांसाठीचे पाहुणेघर आहे. त्याच्याच ओटीवर खासगी तपासनीस गुणाजी मोकल दुपारचा चहा घेत होते. हिरामण आपल्या मोटारसायकलीच्या मागच्या चाकापुढे उकिडवा बसून चिंतनात मग्न होता.

"शेठ, टायर बदलायला झालाय. किनाऱ्यावरचा पियूष लावतो तसला, वर आलेल्या मोठ्या गोट्यांचा घेऊ काय? काय रुबाब दिसतो!"

"हिरामण, तू रोज सकाळी अलिबागला पाव आणायला जातोस. पावाला गोटे कशाला?"

"मी जोरात चालवतो, शेठ. तुम्ही मागं बसता तेव्हा सांभाळून नेतो."

इतक्यात फाटक वाजले. खांद्याला पिशवी अडकवलेली, चाळिशी उलटलेली एक स्त्री आत आली.

"जयभीम. मी जयमाला. शाळेत शिकवते. रेवदंड्याचे रत्नपाल टायरवाले माझे यजमान."

गुणाजींनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"आमच्याच वाडीतल्या प्रीतमनं दहा दिवसांपूर्वी यांच्याकडून दोन्ही टायर नवे बसवून घेतले. नऊ तारखेला सकाळी खिंडीतल्या वळणावर गाडी घसरली. मासळीच्या टेम्पोतलं बर्फाचं पाणी रस्त्यावर सांडलेलं. डोक्याला मार लागला, तीन दिवस झाले, पोर शुद्धीवर न्हाय. आणि गाडीचा मागचा टायर निघाला गुळगुळीत! लोक म्हणतात, रत्नपालनं पुढं नवा लावला, मागं जुनाच डकवला."

"तक्रार कोणी दिली?"

"विवेकनं. प्रीतमचा चुलतभाऊ. उद्या अकरा वाजता फौजदार माझ्या यजमानांवर गुन्हा नोंदवणार." ती आता खुर्चीत बसली. "यांनी दुकानाची पाटी उतरवलीय, साहेब. म्हणतात, पोर माझ्या हातून मेलं तर मी पान्याला हात लावणार न्हाय."

गुणाजींनी चहा तसाच ठेवला. "हिरामण, गाडी काढ."

रत्नपाल यांचे दुकान रेवदंड्याच्या रिक्षाथांब्यामागे होते. आतील भिंतीवर जुने टायर ओळीने टांगलेले होते आणि प्रत्येकावर खडूने एकेक नाव लिहिलेले होते.

"ही काय वंशावळ?" हिरामणने विचारले.

"गिऱ्हाइकांचे जुने टायर," रत्नपाल खिन्नपणे म्हणाले. "महिनाभर ठेवतो. तोंडानं सगळेच सांगतात, मी हळू चालवतो. टायर बघितला की कळतं कोण कसा चालवतो ते. मग त्याच्या चालीला शोभेल तो देतो. सरळ हायवेवर ओझं घेऊन जाणाऱ्याचा टायर मधोमध सपाट होतो. त्याला कडक रबर बरा, टिकतो. वळणावर गाडी आडवी घालणाऱ्याचा कडांना झिजतो. त्याला गोल घाटाचा, मऊ रबराचा."

त्यांनी एक टायर खाली घेतला. त्यावर 'प्रीतम' असे लिहिले होते. त्याच्या दोन्ही कडा अगदी टोकापर्यंत खरवडलेल्या होत्या.

"म्हणून त्याला मऊ दिला. दोन्हीकडं. काम झालं की हवा भरायच्या नळीच्या बुडाशी, रिमवर, निळ्या रंगाचा ठिपका लावतो. माझी खूण. त्याच्या दोन्ही चाकांना लावला, मी शपथेवर सांगतो."

"शपथ राहू द्या," गुणाजी म्हणाले. "प्रीतम त्यानंतर गाडी रोज चालवत होता?"

"रोज. घरी कसला बसतोय तो!"

पोलीस चौकीच्या आवारात प्रीतमची लाल मोटारसायकल उभी होती. हँडल वाकले होते, परंतु दोन्ही ओतीव, बिनतारांची चाके शाबूत होती. पुढचा टायर नवा, बाजूवर कंपनीचे ठळक नाव; मात्र त्याच्या कडा टोकापर्यंत खरखरीत झालेल्या. नळीच्या बुडाशी निळा ठिपका. मागचा टायर मधोमध भाकरीसारखा सपाट. दोन्ही कडांवर मात्र, कारखान्यातून येताना असतात ते रबराचे बारीक केस जसेच्या तसे उभे होते.

"ठिपका बघा," हवालदार म्हणाला. "पुढं हाय, मागं न्हाय. म्हणजे मागच्या चाकाला त्यानं हातच लावला न्हाय."

गुणाजींनी भिंग काढून मागच्या रिमवर नळीभोवती पाहिले. "खरवडल्याची खूणही नाही. हवालदारसाहेब, आपण फार मोलाचे बोललात."

हवालदार सुखावला. हिरामण मात्र बाहेर येताच कुजबुजला, "शेठ, रत्नपाल अडकला वो!"

अलिबाग रस्त्यावर हितेश याचे सुट्या भागांचे दुकान होते. टायर काढण्या-बसविण्याचे यंत्र असणारा परिसरात तो दुसरा इसम. रत्नपालमुळे त्याची निम्मी गिऱ्हाइके तुटली होती, हे सर्वश्रुत होते.

"बसा ने, साहेब! मी तर पहिल्यापासून सांगतो, तो जुन्या टायरला काळं पॉलिश मारतो."

"आपण पाहिलेत?"

"लोक बोलतात."

"लोकांना कोणी सांगितले?"

हितेश गल्ल्यावरची धूळ पुसू लागला. "आता धंद्यात माणूस दोन शब्द बोलतो, साहेब. पण पोराचा जीव जाईल असं काम हितेश करणार नाही. माझ्याकडे तर स्कूटर आहे, मोटारसायकलवर पाय पण पोचत नाही."

बाहेर त्याची बुटकी स्कूटर उभी होती. हिरामणने तिचे चाकसुद्धा हाताने मोजून पाहिले.

पियूष नागावच्या किनाऱ्यावर सापडला. पर्यटकांना वाळूत मोटारसायकल फिरविणे हा त्याचा व्यवसाय. त्याची गाडी उंच, तारांच्या चाकांची, टायर मोठ्या गोट्यांचे. तो आणि प्रीतम एकमेकांवर कुरघोडी करण्यात सदैव तत्पर असत.

"तुमचे रत्नपाल यांच्याशी भांडण झाले होते म्हणतात?"

"झालं ना! प्रीतमला दिले तसले मऊ टायर मला पण हवे होते. तर म्हणतात कसे, 'तू वाळूत खेळतोस, तुला हे चार दिवस पण पुरायचे न्हाईत, जा.' गिऱ्हाईक हाकलणारा दुकानदार बघितलाय कधी?"

"म्हणजे ते टायर मिळवायची इच्छा तुम्हाला होती."

पियूषचा चेहरा उतरला. "होती, काका. पण प्रीत्याच्या गाडीला मी हात लावीन? काल इस्पितळात जाऊन आलो. त्याची आई मला बघून रडली."

हिरामणच्या मनात आता पियूषबद्दल दाट संशय उत्पन्न झाला. परत फिरताना तो चार वेळा मागे वळून पाहत होता.

शेवटी वाडीतील ते अंगण. प्रीतम आणि विवेक यांची घरे समोरासमोर, अंगण एकच. विवेक माणगावकडच्या एका कारखान्यात कामाला होता आणि रोज हायवेने जात-येत असे. पायरीशी त्याची गाडी उभी होती: लाल, प्रीतमच्याच गाडीची जणू जुळी बहीण.

"दोघांनी एकाच दिवशी घेतल्या," विवेक म्हणाला. तो बत्तीस वर्षांचा, शांत गृहस्थ होता. डोळे जागरणाने तांबारले होते. "रत्नपालकाकांनी असं करायला नको होतं. आम्ही त्यांच्या अंगाखांद्यावर खेळलो."

"प्रीतम त्या सकाळी कुठे निघाला होता?"

"लग्नाला. खरं तर जीपनं जायचं ठरलेलं. गाडी काढणारच नव्हता तो." विवेकने ओठ चावला. "जीप चुकली, म्हणून काढली."

"तुम्ही तेव्हा?"

"कामावर. हजेरी बघा."

गुणाजी बोलता बोलता गाडीभोवती फिरले. गाडी स्वच्छ धुतलेली होती. मागच्या टायराच्या दोन्ही बाजूंना मात्र चिखल वाळून बसला होता. दिव्याच्या काचेवर हिरवी गोल चिठ्ठी होती: 'वाहन तपासले', आणि खाली तारीख, नऊ. पुढचा टायर मधोमध झिजत आलेला, नक्षी अजून शाबूत, कडांवर रबरी केस. मागचा टायर नव्यासारखा, पण कडा टोकापर्यंत खरखरीत. त्याच्या नळीच्या बुडाशी ताजे ओरखडे होते.

"आजकाल चिखल कुठे लागतो हो?" गुणाजींनी सहज विचारले.

"मिठागराच्या बांधावरून आलो."

"मागचेच चाक घेऊन?"

विवेक कसनुसा हसला. हिरामणही हसला, कारण त्याला तो विनोद वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता रत्नपाल यांच्या दुकानापुढे दोन्ही लाल गाड्या शेजारी शेजारी उभ्या करण्यात आल्या. फौजदारसाहेब, हितेश, पियूष, विवेक, सारे हजर होते. जयमालाबाई दाराशी उभ्या होत्या. रत्नपाल मान खाली घालून बाकावर बसले होते.

गुणाजींनी भिंतीवरून प्रीतमचा जुना टायर काढून बाकावर ठेवला.

"हे प्रीतमचे हस्ताक्षर. तो वळणावर गाडी आडवी घालतो, म्हणून कडा खरवडल्या जातात. अपघातातील गाडीचा पुढचा टायर पाहा. आठवड्याभरातच तेच हस्ताक्षर. आता मागचा. कडांवर रबरी केस! साहेब, रत्नपाल यांनी लबाडी केली असे क्षणभर धरू. जुना टायर डकवला. तरी प्रीतम त्यावर आठवडाभर फिरला असता. मग हे केस उरले असते काय?"

फौजदार खाली वाकले. "नसते."

"म्हणजे अपघातापूर्वी या चाकावर प्रीतम जवळजवळ बसलाच नव्हता. हे चाक ऐनवेळी आले. कोठून? निळा ठिपका रिमवर असतो. नुसता टायर बदलला असता तर ठिपका राहिला असता. पुसला असता तर ओरखडा राहिला असता. इथे दोन्ही नाहीत. अर्थात टायर नव्हे, रिमसकट सगळे चाकच बदलले. त्याला यंत्र लागत नाही; एक पाना आणि अर्धा तास पुरतो."

"मग मी सुटलो ने?" हितेश म्हणाला.

"या गुन्ह्यातून. जिभेचा हिशेब रत्नपालशी मिटवा. तुमच्या स्कूटरचे चाक इथे बसणार नाही, पियूषच्या तारांचेही नाही. बसेल ते फक्त जुळ्या गाडीचे." गुणाजी दुसऱ्या गाडीकडे वळले. "हिरामण, पाणी."

हिरामणने बादली ओतली. मागच्या टायरावरचा चिखल ओघळला आणि त्याखालून प्रीतमच्या पुढच्या टायरावर होते तेच कंपनीचे नाव उमटले.

"विवेकची गाडी हायवेवर सरळ जाते. तिचा पुढचा टायर तसाच मधोमध झिजला आहे. मागच्याला मात्र प्रीतमच्या कडा आहेत, आणि जिथे निळा ठिपका असायला हवा तिथे ओरखडे. एका गाडीवर दोन स्वार कसे? राहिले कारण. ते दिव्यावर चिकटले आहे. नऊ तारखेला कारखान्यात वाहनतपासणी होती."

विवेक हळूहळू गाडीला टेकत खाली बसला.

"गुळगुळीत टायर असला तर फाटकातून आत घेत न्हाईत," तो म्हणाला. "तीन दिवस घरी बसवतात. प्रीतम जीपनं जाणार होता. आठ तारखेच्या संध्याकाळी चाक बदललं. वाटलं, उद्या आलो की परत लावू. त्याला सांगायचं पण मला सुचलं न्हाय... फौजदारांनी विचारलं, टायर कुणी बसवला? मी म्हटलं, काकांनी. ते खोटं नव्हतं. मग ठिपका खरवडला, चिखल फासला; ते खोटं झालं, आणि मला मागं घेता येईना."

"चाक फेकून का दिले नाही?" फौजदारांनी विचारले.

"त्याचं हाय ते. तो उठला की मागेल."

रत्नपाल बाकावरून उठले. सर्वांना वाटले, ते आता हात उगारणार. ते विवेकपुढे उकिडवे बसले.

"विव्या, तपासणीपुरता टायर माझ्याकडं मागितला असतास, तर मी न्हाय म्हणलो असतो काय रे?"

विवेकने दोन्ही हातांनी तोंड झाकले. फौजदारांनी त्याला गाडीत बसविले. जयमालाबाईंनी आतून पाटी आणली, पदराने पुसली आणि खिळ्यावर पुन्हा चढविली.

प्रीतम त्याच दिवशी दुपारी शुद्धीवर आला. जबानीत विवेकने एकही शब्द लपविला नाही.

सर्व पांगल्यावर हिरामण खाकरला. "रत्नपालदादा, मला पण टायर हवा होता. मी जोरात चालवतो, तेव्हा तो मऊवाला..."

रत्नपाल यांनी हिरामणच्या गाडीच्या मागच्या चाकापुढे बसून बोट फिरविले, आणि चार दिवसांत प्रथमच ते हसले.

"दादा, कडांचे हे केस तर न्हाव्याचा हात न लागल्यागत राखलेत तुम्ही! कडक रबराचा घ्या. पाव थंड होईल, पण तुम्ही घरी पोचाल."

हिरामणचा जुना टायर त्यांनी भिंतीवर, प्रीतमच्या टायराच्या जागेशेजारी, टांगला आणि त्यावर खडूने नवे नाव लिहिले.

वाचकहो, हकीकत येथे पुरी झाली. खुणा आपण माझ्याआधी ओळखल्या असतील, तर माझे वचन मी पाळले असे समजेन. ओळखल्या नसतील, तर उणेपण माझ्या लेखणीचे मानावे. आपण आपला अमूल्य वेळ या सामान्य माणसाच्या अक्षरांना दिलात, त्याबद्दल हात जोडून आभार मानतो.

आपला नम्र,
भागोजी धाकू तांडेल
रेवदंडा