ओ देईपर्यंत

मोबाईल खाली ठेवा आधी. सगळ्यांनी. तूसुद्धा गं, मांडीखाली लपवलेला दिसतोय मला.

उद्या कॅम्पला निघालायत, तळ्याकाठी तंबू ठोकणार म्हणे. जा की, मी कोण अडवणार? पण जायच्या आधी कुलूपवाल्याचं ऐकून जा. कुलूपवाला म्हणजे माझ्या घड्याळाच्या दुकानाला लागून ज्याचं दुकान आहे तो. तीस वर्षांचा शेजार आहे आमचा. माणूस बोलायला तिखट, पण खोटं बोलायला गेला की कान लाल होतात त्याचे. हे त्याने मला एकदाच सांगितलं, आणि कान लाल झाले नव्हते.

मागच्या वर्षीची गोष्ट. मे महिन्यातला शेवटचा शुक्रवार, संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं. कुलूपवाला शटर ओढून स्कूटरला किक मारत होता. काम साधं होतं. एक लाकडी बोर्ड आणायचा.

हा लहानपणी तीन उन्हाळे एका कॅम्पला गेला होता. तळं, काठाला तंबू, पहाटे शिट्टी, गार पाण्याने आंघोळ, असा सगळा शिस्तीचा कारभार. कॅम्प बंद पडून बरीच वर्षं झाली. पण आता ती पोरं पन्नाशीच्या पुढे गेली, पोटं सुटली, आणि सगळ्यांना एकदम आठवणींचा पूर आला. झाला एक ग्रुप. रविवारी मेळावा ठरला. ठरवला सगळ्यांनी, राबला हा एकटा. हॉल याने शोधला, खुर्च्या याने सांगितल्या, एकशे बारा जणांना फोन याने केले. बाकीचे ग्रुपवर 'वा वा' करायला मोकळे. अध्यक्ष होता कप्तान. लहानपणी पोहण्याच्या संघाचा कप्तान, आणि आता उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत.

दुपारी कप्तानाचा फोन आला. "अरे, तो बिल्ल्यांचा बोर्ड पाहिजे स्टेजवर. फोटो काय मस्त येईल! होड्यांच्या शेडमध्ये असणार. किल्ली हरवलीय म्हणतात, पण तू आहेस ना!"

"मी कुलूपवाला आहे, हमाल नाही."

"तेच रे. तुझ्या डाव्या हाताचा मळ," असं म्हणून कप्तानाने फोन ठेवलासुद्धा.

आता तो बोर्ड म्हणजे काय ते समजून घ्या. तळ्याकाठी एक मोठी फळी, तिच्यावर खिळे, प्रत्येक खिळ्यावर एका पोराचा लाकडी बिल्ला. बिल्ल्यावर नंबर. एक बाजू लाल, एक पांढरी. पाण्यात उतरताना लाल बाजू पुढे करायची, बाहेर आलं की पांढरी. आपला बिल्ला आपल्याच हाताने उलटायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. आणि एखादा बिल्ला लाल राहिलाच, तर त्याच्या तंबूतल्या पोराने काठावर उभं राहून त्याला हाक मारायची. टोपणनावाने नाही. टोपणनावं दिवसभर थट्टेत चालायची, त्याकडे कोण लक्ष देतो? घरच्या नावाने. तो 'ओ' देईपर्यंत.

यांच्या तंबूत शेवटच्या वर्षी एक नवीन पोरगा आला होता. अंगाने किरकोळ, पोहण्यात कच्चा. त्याला सगळे लिंबू म्हणायचे, लिंबूटिंबू असतो ना खेळात, ज्याचा डाव कोणी मोजत नाही, तसा. पाचव्या दिवशी लिंबू बुडाला. मेळाव्यासाठी छापलेल्या स्मरणिकेत कप्तानाने त्याच्यावर एक ओळ लिहिली होती: 'आमचा खोडकर लिंबू! बिल्ला पांढरा करून चोरून पुन्हा पाण्यात गेला आणि स्वभाव नडला.'

ही ओळ काढा म्हणून कुलूपवाला आठ दिवस ग्रुपवर डोकं आपटत होता. पालथ्या घड्यावर पाणी. "छापून झालंय." "असू दे रे, आठवण आहे." "रविवारी त्याची ताई येणार आहे, तिला बरं वाटेल." "तुला एवढं का झोंबतंय?"

का झोंबतंय, ते मात्र याने लिहिलं नाही. चोराच्या मनात चांदणं. कारण तो बिल्ला लिंबूने उलटलाच नव्हता. याने उलटला होता.

बारा वर्षांचं वय. ज्या तंबूचे बिल्ले सगळ्यात शेवटी पांढरे होतील, त्यांनी सगळ्या कॅम्पची पातेली घासायची, असा दंडक होता. यांच्या तंबूचे पाच पांढरे, एक लाल. आदल्या दोन्ही दिवशी लिंबू बिल्ला उलटायला विसरला होता आणि पातेली यांच्याच गळ्यात पडली होती. "आजही विसरला गाढव," असं म्हणून याने लिंबूचा एकतीस नंबर उलटला आणि जेवायला पळाला. झालं. बोर्ड पांढराशुभ्र. कोणी हाक मारली नाही. झोपायच्या वेळी एक अंथरूण रिकामं दिसलं, तेव्हा शोधाशोध झाली. सापडला सकाळी, लव्हाळ्यात. पोरांना लगेच घरी धाडलं, आणि मोठ्यांनी ठरवून टाकलं की चूक पोराचीच. एक्केचाळीस वर्षं याने तोंड उघडलं नाही. बायकोपाशीसुद्धा नाही.

तर आठ वाजता हा तळ्यावर पोचला. फाटकावरचा राखणदार मोबाईलवर मॅच बघत होता. मान वर न करता म्हणाला, "जा, जा. लाईट नाहीये तिकडे."

कुलूप काही केल्या उघडेना. दुसऱ्याचं कुलूप दोन मिनिटांत खोलणारा माणूस, तिथे त्याला अर्धा तास लागला. तोंडात टॉर्च, घाम डोळ्यात, आणि सबंध वेळ कप्तानाच्या नावाने शिव्या. शेवटी कडी निघाली. बोर्ड भिंतीला टेकवलेला होता, ताडपत्रीखाली. याने टॉर्च मारला. सगळे बिल्ले पांढरे. एकतीससुद्धा. एवढ्या वर्षांत तो तसाच होता, याने ठेवला होता तसा.

त्याने बोर्ड उचलला. बाहेर आणला. स्कूटरच्या मागे उभा बांधला. दोरी आवळताना सहज नजर गेली.

एकतीस लाल.

हलला असेल, त्याने स्वतःला सांगितलं. उचलताना हलला असेल. बोटाने पांढरा केला. दोरीचा दुसरा वेढा घातला. गाठ मारली. पुन्हा बघितलं.

लाल.

आता त्याला राग आला. भीती नाही हं, राग. आठ दिवसांची दगदग, उपाशी पोट, ते कुलूप, आणि वर हे. त्याने बिल्ला उलटला आणि डिकीतून चिकटपट्टी काढून वरून गच्च बसवली. एक पट्टी. दुसरी. तिसरी. बटण दाबलं. स्कूटर चालू होईना. किक मारली. एकदा. दहा वेळा.

"च्यायला, काय पाहिजे काय तुला?" तो अंधारात ओरडला.

काही नाही. पाणी काठाला लागत होतं, तेवढंच.

त्याने मागे वळून पाहिलं. चिकटपट्ट्या तशाच होत्या. तिन्ही. सपाट. त्यांच्याखाली बिल्ला… लाल.

आणि तेव्हा त्याला कळलं. लाल म्हणजे काय? मी अजून पाण्यात आहे. मग पुढे काय करायचं, ते कॅम्पच्या प्रत्येक पोराला पाठ होतं.

तो काठावर गेला. हाक मारायला तोंड उघडलं. आणि तसाच राहिला.

नाव माहीत नव्हतं.

लिंबू. फक्त लिंबू. पाच दिवस एका तंबूत झोपला पोरगा शेजारी, आणि घरचं नाव कोणी विचारलं नाही. बोर्डावर नुसता नंबर. स्मरणिकेतही लिंबू. लाकडी धक्क्याच्या टोकाला मोबाईलची रेंज येते, तिथे जाऊन त्याने ग्रुपवर लिहिलं, 'लिंबूचं खरं नाव काय होतं? लगेच सांगा.'

एकाने लिहिलं, 'लिंबूच!' पुढे चार हसरी तोंडं. दुसऱ्याने लिहिलं, 'कोण लिंबू?' कप्तानाने विचारलं, 'बोर्ड मिळाला का?' याने पुन्हा लिहिलं, 'नाव सांगा रे कोणीतरी. हात जोडतो.' तर कोणीतरी गुलाबाचं फूल पाठवलं, शुभ रात्री म्हणून. मग दुसऱ्यानेही पाठवलं. बघता बघता नऊ फुलं. फोन तळ्यात फेकावासा वाटला, असं मला म्हणाला तो. रडूच आलं त्याला. एकशे बारा माणसं, आठवणींनी गळे काढणारी, आणि एकालाही एका पोराचं नाव आठवू नये?

एकच माणूस उरलं होतं. ताई. आमंत्रणाचा फोन यानेच केला होता तिला, 'लिंबूच्या ताई ना?' म्हणून. तेव्हा ती एकदम गप्प झाली होती.

दहाला पाच मिनिटं कमी असताना याने तिला फोन लावला. तिने उचलला.

"ताई, मी… मेळाव्याचा. कुलूपवाला."

"बोला."

"तुमच्या भावाचं घरचं नाव काय होतं?"

"…एक्केचाळीस वर्षांनी विचारताय?"

"हो."

"का?"

तळ्यावर वारा पडला होता. खोटं बोलायला जागाच नव्हती.

"बिल्ला त्याने उलटला नव्हता, ताई. मी उलटला. तो पाण्यातच होता. त्याला हाक मारायची होती, ती मी… मी जेवायला पळालो, ताई."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग ती बोलली.

"आई मरेपर्यंत सांगत होती, माझं पोर नियम मोडणाऱ्यातलं नाही. आम्ही सगळे तिलाच गप्प करायचो."

मग तिने नाव सांगितलं. आणि ठेवला फोन.

नाव मी सांगणार नाही. उद्या तुम्ही त्याच तळ्यावर असाल.

याने हाक मारली. पूर्ण नावाने. पाणी हललं नाही. पुन्हा मारली. थांबला. पुन्हा. 'ओ' आली नाही. दहा वेळा. वीस वेळा. घसा बसला. नियम होता ना… ओ देईपर्यंत. हा थांबला नाही. शेवटी तर नुसता श्वासच निघत होता.

मग मागे, स्कूटरपाशी…

टक्.

एवढंच. लाकडावर लाकूड.

त्याने लगेच वळून पाहिलं नाही. मोजून साठ आकडे झाल्यावर पाहिलं. एकतीस पांढरा. चिकटपट्ट्या तशाच. आणि स्कूटर पहिल्या किकला चालू झाली.

रविवारी त्याने माईक घेतला आणि सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. कप्तान त्याच्याशी अजून बोलत नाही. "कार्यक्रमाचा विचका केलास," म्हणाला. निम्मे तर जेवणाची वेळ झाली म्हणून आधीच उठले होते. ते जाऊ दे. मला सांगायची आहे ती शनिवारची सकाळ.

पावणेसातला ताईचा फोन आला. ती तिसऱ्या मजल्यावर राहते, एकटी. आवाज अगदी साधा होता.

"रात्री तुम्ही इकडे आला होतात का?"

"नाही, ताई."

"साडेदहाला दार वाजलं. उघडलं तर कोणी नव्हतं. उंबऱ्याबाहेर पाणी साचलं होतं, ओंजळभर. त्यात लव्हाळ्याचं एक पातं. जिना बघून आले मी खालपर्यंत. कोरडा ठणठणीत."

हा कसाबसा म्हणाला, "पुसून टाका, ताई…"

"नाही पुसलं. दार उघडं ठेवलं आणि खुर्ची टाकून बसले. पहाटे डोळा लागला जरासा."

"…मग?"

"मग काही नाही. पाणी आता उंबऱ्याच्या आत आहे."