ओली थंडी

मेकॅनिकने बंद पडलेल्या फ्रीजचे दार उघडले आणि तो क्षणभर बघतच राहिला. भाजीच्या खणात भाजी नव्हतीच. ओल्या वाळूची एक पारदर्शक पिशवी तेवढी ऐटीत बसली होती.

"ही... वाळू?"

"बिया आहेत त्यात," ती घाईने म्हणाली. "झोपलेल्या."

"मग मी हळू बोलतो," तो गंभीर चेहऱ्याने कुजबुजला.

तिने ओठ दाबून हसू आवरले. ती रोपवाटिकेत काम करत असे. रस्ता रुंद झाला तेव्हा तिच्या दिवंगत आईने लावलेला निळ्या फुलांचा ताटवा गेला. त्याच्या एवढ्याच बिया उरल्या होत्या. हे झाड वर्षानुवर्षे मुळातून पुन्हा फुटते, पण बी मात्र एक संपूर्ण हिवाळा अंगावर काढल्याशिवाय जागे होत नाही. म्हणून हा फ्रीजमधला हिवाळा.

"दूध नासलं त्याचं कुणाला काही नाही," तिची आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "बियांचे मात्र केवढे लाड!"

थर्मोस्टॅट गेला होता. नवा यायला वेळ लागणार होता. तिचा उतरलेला चेहरा पाहून मेकॅनिक म्हणाला, "माझ्या दुकानात एक फ्रीज दुरुस्त होऊन पडलाय. तोवर यांचा मुक्काम तिथे."

काही दिवसांनी ती दुकानात गेली, तेव्हा त्याने मोठ्या अभिमानाने फ्रीज उघडला. वाळू पिठासारखी कोरडी होती.

"सगळी ओल काढून टाकली. फ्रीजमध्ये ओल म्हणजे आमच्याकडे बिघाडच!"

तिच्या तोंडचे पाणी पळाले. "अहो, कोरडी थंडी बियांना कळतच नाही! ओलीतच त्या हिवाळा मोजतात. सगळं वाया गेलं... कदाचित बियासुद्धा."

त्याने एकही सबब सांगितली नाही. एवढेच विचारले, "पहिल्यापासून करता येईल? मला शिकवा."

राग होताच, पण बारीक स्क्रू उचलण्याच्या चिमट्याने एकेक बी वेचणाऱ्या माणसावर तो फार वेळ टिकेना. तिने वाळू भिजवली. त्याने ती मुठीत दाबताच पाणी ठिबकले.

"इतकी ओली नको. मुठीत दाबली तरी थेंब पडता कामा नये."

"मग किती?"

"एवढी..." कोरडी वाळू मिसळून तिने त्याची मूठ आपल्या हातांनी मिटली. थेंब पडला नाही. हात मात्र गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ तिथे राहिले.

मग तिच्या फेऱ्या सुरू झाल्या. "रुग्णांची प्रकृती स्थिर आहे," तो दारातूनच सांगे. ती थर्मामीटर पाही, आणि चहा निवेपर्यंत गप्पा चालत. यथावकाश नवा थर्मोस्टॅट आला, घरचा फ्रीज सुरू झाला. पिशवी हलली नाही.

"आपला फ्रीज ठणठणीत झाला, मग तुझ्या बिया अजून दुसऱ्याच्या दुकानात का गं?" आत्याने विचारले.

"हलवल्या तर बिघडतील."

"बियाच ना?" आत्या म्हणाली आणि शांतपणे भांडी आवरू लागली.

हिवाळा पुरा झाल्यावर दोघांनी बिया ट्रेमध्ये पेरल्या आणि ट्रे दुकानाच्या खिडकीत ठेवला. बरेच दिवस काहीच घडले नाही. मग एका सकाळी मातीवर हिरवे ठिपके दिसले... मोजकेच.

"बाकीच्या माझ्यामुळे गेल्या," तो खाली बघत म्हणाला.

"उठल्यात त्यांच्याकडे बघा ना." तिचे डोळे भरून आले होते. "आईचा ताटवा आहे हा. पुन्हा होईल."

"आता ट्रे घरी न्याल."

"हो."

"म्हणजे इकडे... काही काम उरलं नाही."

त्याने उगाचच पाना पुसला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"फुलं कधी येतील?"

"यंदा नुसती पानं. फुलं पुढच्या वर्षी, तीही रोज कुणी लक्ष दिलं तर."

"आणि त्याच्या पुढच्या वर्षी?"

"तेव्हाही. दरवर्षी."

"मला आवडेल," तो अडखळला, "रोज लक्ष द्यायला. रोपांकडे... आणि—"

"आणि?"

"तुमच्याकडे. दरवर्षी."

खिडकीतले ऊन तिच्या गालांवर आले होते, की ते ऊन नव्हतेच, हे त्याला ठरवता येईना.

"मग आत्ताच घरी चला," ती म्हणाली. "आत्याला तुम्हीच सांगा. मी सांगितलं, तर ती तासभर नुसती हसत बसेल."

"आणि मी सांगितलं तर?"

"दोन तास."

त्याने ट्रे दोन्ही हातांनी जपून उचलला. दुकानाला कुलूप तिने लावले, आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.